कॅन्सर आटोक्यात, ताप मात्र उतरेना

प्रश्न : माझ्या धाकट्या दिरांना रक्ताचा कॅन्सर झाला. पहिल्या केमोनंतर डॉक्टर म्हणाले, औषधाचा गुण चांगला आला आहे. पण दीडेक आठवड्याने त्यांना हुडहुडी भरून ताप आला आणि तो उतरेचना. रक्ताच्या कल्चरचा कागद आला, त्यावर जवळजवळ प्रत्येक औषधापुढे ‘आर’ हे अक्षर. डॉक्टर म्हणाले, जंतू औषधांना दाद देत नाही. आयसीयूत बरेच दिवस काढून दीर वाचले. पण एवढा मोठा कॅन्सर हटतो आणि एक जंतू माणसाला मरणाच्या दारात नेतो, हे कोडे मला उलगडत नाही.
– एक वाचिका, तासगाव

उत्तर : ताई, दीर सुखरूप घरी आले हे वाचून फार बरे वाटले. तुमचे कोडे कॅन्सरच्या वॉर्डात रोज समोर येते. अनेक रुग्णांचा कॅन्सर औषधाला दाद देत असतो आणि त्याच वेळी ते जंतुसंसर्गाने दगावतात. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांमध्ये उपचार चालू असताना होणारे असे मृत्यू श्रीमंत देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आहेत आणि त्यांचे मोठे कारण संसर्ग हेच आहे.

केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, म्हणून त्या मरतात. पण शरीरातल्या काही निरोगी पेशीही तितक्याच वेगाने वाढत असतात. त्या असतात केसांच्या मुळाशी, तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या आतल्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. केस गळतात ते सगळ्यांना दिसते. अस्तरात आणि मगजात काय चालले आहे ते दिसत नाही, आणि जिवावर बेतते ते तिथेच.

आधी मगजाचे पाहू. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडतात. निरोगी माणसाच्या मगजात त्या रोज सुमारे १०० अब्ज तयार होतात. त्यांचे रक्तातले आयुष्य फार थोडे, त्यामुळे निर्मिती थांबली की काही दिवसांतच त्यांची संख्या कोसळते. बहुतेक केमोंनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास ती सर्वांत खाली जाते. ‘काउंट पडले’ असे रुग्ण आणि नर्स म्हणतात ते हेच. गाठीच्या कॅन्सरमध्ये हा काळ बहुधा थोड्या दिवसांचा असतो. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये मात्र मगज मुद्दामच जवळजवळ रिकामा करावा लागतो आणि काउंट दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त काळ वर येत नाही. तुमच्या दिरांना ताप आला तो नेमका या काळात.

आता आतड्याचे. त्याचे अस्तर केमोने सोलवटते. तोंडातले छाले आपल्याला दिसतात; तसेच आत, कित्येक फूट लांबीच्या आतड्यातही घडलेले असते. आतड्यात ई. कोलाय, क्लेब्सिएला असे अब्जावधी जंतू एरवी कुणाला त्रास न देता राहतात. अस्तराला चिरा पडल्या की ते रक्तात उतरतात, आणि तिथे त्यांना अडवायला न्यूट्रोफिल नसतात. म्हणून नातेवाईक जेव्हा विचारतात, ‘आम्ही इतकी स्वच्छता पाळली, मग जंतू आला कुठून?’ तेव्हा पुष्कळदा खरे उत्तर हे असते की तो रुग्णाच्या पोटातच होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे घरची माणसे फसतात. पू तयार होतो तो मुख्यतः न्यूट्रोफिलांमुळे. त्याच नसतील तर पू होत नाही, जखम फारशी लाल होत नाही, न्यूमोनिया असूनही सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. एरवी आजाराची जी चिन्हे आपण ओळखतो ती गायब असतात आणि उरतो फक्त ताप.

काउंट आणि संसर्ग यांच्या नात्याचे हे ज्ञान फार जुने नाही. अमेरिकेतल्या जेराल्ड बोडी या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांचे काउंट आणि त्यांना झालेले संसर्ग शेजारी शेजारी मांडून दाखवले. काउंट १००० च्या खाली गेला की धोका वाढू लागतो, ५०० च्या खाली आणखी, १०० च्या खाली सर्वांत जास्त. आणि काउंट जितके दिवस खाली, तितका धोकाही मोठा. त्या काळात ताप आला की रक्त कल्चरला पाठवायचे आणि जंतू सापडेपर्यंत थांबायचे अशी रीत होती. स्यूडोमोनास नावाचा जंतू रक्तात असेल तर उत्तर येईपर्यंत कितीतरी रुग्ण गेलेले असत. १९७१ मध्ये बाल्टिमोरच्या स्टीफन शिंफ आणि सहकाऱ्यांनी ही रीत उलटी केली. काउंट पडलेल्या रुग्णाला ताप आला की कल्चर घ्यायचे आणि निकालाची वाट न पाहता लगेच दोन जोरकस अँटिबायोटिक्स चालू करायची. त्यांनी कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन वापरले होते. मला विचाराल, तर कॅन्सरच्या औषधांचे शोध जितके मोठे, तितकाच हा बदलही मोठा आहे. पुढे जी जबर केमो देता येऊ लागली, जे बोन मॅरो प्रत्यारोपण शक्य झाले, ते या आधारावर. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या आणि २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारातही, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात त्यात, काउंट पडतात, आणि तिथेही ताप आला की याच पद्धतीचा आसरा असतो.

पण या पद्धतीत एक गृहीत आहे. निकालाआधी अंदाजाने दिलेले पहिले औषध जंतूला लागू पडायला हवे. ते गृहीत आता डळमळले आहे.

१९८० च्या दशकात इमिपेनेम आले, नंतर मेरोपेनेम. या गटाला कार्बापेनेम म्हणतात. बाकीची औषधे हरली तरी ही चालतील, असा कित्येक वर्षे भरवसा होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर देशातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या जंतूंवर अशा औषधांची चाचणी करून दरवर्षी आकडे प्रसिद्ध करते. त्यांत इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाचे ६५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर. म्हणजे अशा रुग्णालयात दाखल रुग्णाला क्लेब्सिएलाचा संसर्ग झाला, तर इमिपेनेम लागू पडण्याची शक्यता निम्म्याहून कमी. पाच वर्षांत झालेली ही घसरण आहे.

घसरणीमागे बऱ्याच अंशी काही विकरे आहेत. जंतू ती स्वतः तयार करतो आणि ती औषधाचा रेणू कापून टाकतात. त्यांतल्या एकाचे नाव नवी दिल्लीवरून पडले आहे, संक्षेपाने एनडीएम. २००८ च्या सुमारास भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णात ते पहिल्यांदा आढळले; तो त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होता. या नावावरून आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, त्याची शक्ती विकर रोखण्यात लागली असती तर बरे झाले असते. एनडीएमची सूचना जंतूच्या मुख्य गुणसूत्रात नसून बहुधा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यावर असते. शेजारणीने लोणच्याची कृती कागदावर लिहून द्यावी तसा एक जंतू हे कडे दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. एकाच कड्यावर चार-पाच औषधांना हरवणाऱ्या सूचना असू शकतात. तुमच्या कागदावर ‘आर’ची रांग लागली ती बहुधा अशामुळे. ‘आर’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो.

मग उरते काय? बऱ्याचदा कोलिस्टिन. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात जवळजवळ अडगळीत गेले होते. दुसरे काही उरले नाही म्हणून ते परत काढावे लागले. केमोने आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर ते देताना डॉक्टरांच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करा. आणि हेच औषध आपल्याकडे कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात घातले जात होते. केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. इतका उशीर झाला याचे मला अजूनही दुःख वाटते.


प्रश्न : असा जंतू रुग्णाच्या पोटात जातो तरी कसा? ही रुग्णालयाची चूक धरायची का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काही वेळा रुग्णालयात, काही वेळा त्याच्या कितीतरी आधी. आपल्या देशात दूषित पाण्यातून आणि अन्नातून असे जंतू धडधाकट माणसांच्या पोटातही जाऊन बसतात. त्यांना काही होत नाही, कळतही नाही. नंतर कधी कॅन्सर निघतो, केमो चालू होते, एकामागून एक अँटिबायोटिक्स द्यावी लागतात. त्यांनी पोटातले साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि रिकामी जागा व्यापतात. काही केंद्रांत केमोच्या आधी किंवा दाखल करताना गुदद्वाराजवळून एक स्वॅब घेतात, तो हेच पाहण्यासाठी. त्याची लाज वाटू देऊ नये. स्वॅबमध्ये चिवट जंतू सापडला तर रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवता येते आणि पुढे ताप आलाच तर पहिले औषध कोणते, हे ठरवताना त्या माहितीचा उपयोग होतो.

रुग्णालयातल्या वाटा मात्र माणसांच्या हातात आहेत, अगदी शब्दशः. एका रुग्णाला तपासून हात न धुता दुसऱ्याला हात लावणे ही सर्वांत मोठी वाट. दुसरी वाट बेसिनची. नळाच्या तोंडाशी आणि सांडपाण्याच्या जाळीत स्यूडोमोनास आणि क्लेब्सिएला ठाण मांडतात आणि पाणी उडाले की आसपास पसरतात. तिसरी वाट छातीत किंवा दंडात बसवलेल्या नळीची, म्हणजे पोर्ट किंवा पिक लाइनची. तिला स्पर्श करताना दर वेळी तिचे तोंड स्पिरिटच्या स्वॅबने नीट घासावे लागते.

म्हणून एकेका रुग्णाबाबत चूक कुणाची हे ठरवणे अवघड असते, पण प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. खाटेजवळ हात स्वच्छ करण्याच्या द्रवाची बाटली नसेल तर मागा. डॉक्टर किंवा नर्स घाईत हात न धुता आले तर ‘सर, हात धुता का?’ एवढे नम्रपणे म्हणा. चांगल्या विभागात याचा राग येत नाही. आणि हाच नियम भेटीला येणाऱ्या आत्या-मामांनाही लावा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणे म्हणजे माया पातळ झाल्याचे लक्षण मानतात. काउंट पडलेले असताना फोनवरून विचारपूस करणाऱ्याची माया अधिक, असे घरात एकदा स्पष्ट सांगून टाकावे.


प्रश्न : आईच्या केमोसाठी आम्ही दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहतो आहोत. रात्री ताप आला तर सकाळी ओपीडी उघडेपर्यंत थांबले तर चालेल का? जवळच्या मेडिकलमधून क्रोसिन आणून देतो आहोत.
– एक वाचक, मूळ गाव जिल्हा बीड

उत्तर : थांबू नका. या सगळ्या पत्रांतले हे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केमो चालू असलेल्या माणसाला तोंडात धरलेल्या थर्मामीटरवर एकदा जरी १०१ फॅरनहाइट ताप दिसला, किंवा १००.४ च्या वर गेलेला ताप तासभर टिकला, तर ती तातडीची वेळ आहे. रात्रीचे दोन वाजले असोत, दिवाळी असो, टॅक्सी करून थेट इमर्जन्सीत जा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, हे लक्षात ठेवा. तुमच्या डॉक्टरांनी याहून कमी मर्यादा सांगितली असेल तर तीच पाळा. काउंट पडलेल्या काळात गुदद्वारातून ताप मोजू नये, एनिमा देऊ नये. तिथल्या नाजूक अस्तराला इजा झाली तर जंतूंना वाट मिळते.

पॅरासिटामॉल, म्हणजे तुमची क्रोसिन, जंतू मारत नाही. ती फक्त पारा खाली आणते. वर सांगितले तसे या रुग्णात ताप हे एकच चिन्ह उरलेले असते, आणि गोळीने आपण तेही पुसून टाकतो. आधी ताप मोजा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा, डॉक्टरांना फोन करा, मग ते सांगतील ते द्या. स्टेरॉइड चालू असतील तर ताप दबूनही राहतो. म्हणून ताप नसला तरी हुडहुडी, धाप, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे, अंग गार पडणे यांपैकी काहीही दिसले तरी निघा.

इमर्जन्सीत गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा : ‘आईची केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, आत्ता ताप आहे.’ नुसता ‘ताप आहे’ म्हटले तर रांगेत बसवले जाण्याची भीती असते. जगभरचे मार्गदर्शक सांगतात की अशा रुग्णाला पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळायला हवा. त्याआधी कल्चरसाठी रक्त घेतील, बहुधा दोन ठिकाणांहून. पोर्ट असेल तर एक त्यातून आणि एक शिरेतून. ‘आधीच रक्त कमी, त्यात किती काढता?’ असे म्हणून अडवू नका. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडणे कठीण होते. आणि नेमका जंतू सापडला नाही तर पुढचे सगळे उपचार अंदाजाने करावे लागतात.

रक्ताचा रिपोर्ट तुम्हालाही वाचता येईल. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागा. एकूण १२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर उत्तर २४०. पाचशेच्या खाली म्हणजे खूप जपायचे दिवस. काही रुग्णांना या काळात पेशी वाढवायचे इंजेक्शन देतात. त्याने मगज जोमाने कामाला लागतो, म्हणून कंबर आणि हाडे दुखतात. त्याला घाबरू नये, पण दुखणे डॉक्टरांना सांगून ठेवावे.

केमोच्या पुढच्या काही आठवड्यांत एक पिशवी कायम भरून ठेवा. तिच्यात फाइल, औषधांची यादी, जुने कल्चर रिपोर्ट, थर्मामीटर आणि टॅक्सीपुरते पैसे असू द्या. जुने कल्चर रिपोर्ट लोक फेकून देतात. ते ठेवा. मागच्या वेळी कोणता चिवट जंतू सापडला होता हे कळले, तर डॉक्टर पहिलेच औषध जास्त नेमके निवडू शकतात आणि दोन दिवस वाचतात.


प्रश्न : दही, ताक, कोशिंबीर, फळे बंद करावीत का? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा दिला तर?
– एक वाचिका, चिपळूण

उत्तर : पूर्वी केमोच्या रुग्णाला सगळे कच्चे बंद करून फक्त शिजवलेले अन्न देत. नंतरच्या अनेक चाचण्यांत त्या कडक पथ्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही, उलट आधीच मळमळणाऱ्या माणसाचे खाणे आणखी कमी होते. घरी स्वच्छ धुऊन, साल काढून दिलेले फळ बहुतेकांना चालते. उघड्यावरचा उसाचा रस, चौकातली चटणी, न उकळलेले पाणी, कच्चे दूध आणि अर्धकच्चे अंडे-मासे मात्र नकोत. दह्या-ताकाबाबत केंद्रागणिक मत वेगळे आहे. घरी उकळलेल्या दुधाचे ताजे विरजण बऱ्याच ठिकाणी चालवतात, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णाला नको म्हणतात. आपापल्या डॉक्टरांना विचारा. प्रोबायोटिकच्या पुड्या स्वतःहून देऊ नका, क्वचित त्यांतलेच जंतू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. खाटेजवळ फुलदाणीही नको, तिच्या पाण्यात स्यूडोमोनास वाढतो.

गुळवेल नको. तिने न्यूट्रोफिल वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही, आणि तिच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. केमोची बरीच औषधे यकृतातूनच जातात.


प्रश्न : मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. सर्दी-खोकल्याला दोन अझिथ्रोमायसिन द्या, म्हणून रोज पाच-दहा जण येतात. नाही म्हटले तर शेजारच्या दुकानात जातात. माझ्या दोन गोळ्यांचा मुंबईतल्या कॅन्सर रुग्णाशी खरेच संबंध पोहोचतो का? तेवढे मनापासून सांगा.
– एक औषधविक्रेते, जिल्हा धुळे

उत्तर : हे इतक्या मोकळेपणाने विचारल्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. संबंध पोहोचतो.

सर्दी, घसा खवखवणे, बराचसा खोकला हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. गिऱ्हाइकाला चार दिवसांनी बरे वाटते, ते गोळी न घेताही वाटलेच असते. पण त्याला खात्री पटते की गोळीने गुण आला, आणि पुढच्या वेळी तो तीच मागायला येतो. गोळी मात्र पोटात जाऊन तिथल्या जंतूंवर काम करते. जे मरतात ते मरतात, जे तगतात ते वाढतात, आणि त्यांच्याजवळचे प्लाझ्मिड दुसऱ्यांना मिळते. शौचातून ते जमिनीत, पाण्यात आणि घरातल्या इतरांकडे जातात. त्या घरातल्या कुणाला उद्या ल्युकेमिया झाला तर तो त्याच पोटाने परळच्या किंवा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात जाणार आहे. तो कोण असेल हे आज कुणाला सांगता येत नाही, म्हणूनच प्रत्येक गोळीची काळजी करायची.

२०१९ मध्ये भारतीय बाजारात खपलेल्या अँटिबायोटिक्सचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत वर होती अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि तिच्यामागे सेफिक्झिम २००. सेफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक. १ मार्च २०१४ पासून त्या यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवायची, तिच्यात डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव लिहायचे आणि ती तीन वर्षे जपायची. अझिथ्रोमायसिनलाही चिठ्ठी लागतेच. पट्टीवरची उभी लाल रेघ २०१६ च्या मोहिमेपासून लोकांना दाखवली जाते आहे. ती रेघ गिऱ्हाइकाला हातात धरून दाखवा. ‘कायद्याने देता येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘ही सर्दीला लागू पडत नाही, उगाच पैसे जातील’ हे वाक्य आपल्या माणसाला लवकर पटते. वाफ, मिठाच्या गुळण्या, ताप असेल तर पॅरासिटामॉल यावर त्याला परत पाठवा. मात्र धाप, छातीत दुखणे, तीन-चार दिवसांवर टिकलेला ताप असेल, किंवा बाळ, म्हातारे अथवा केमोचा रुग्ण असेल, तर त्याला डॉक्टरकडे पिटाळा.

शेजारचा देतो, ही अडचण खरी आहे. एकट्या दुकानदारावर सगळा भार टाकून चालणार नाही. तालुक्याच्या केमिस्ट संघटनेत एकदा बसून सगळ्यांनी एकच नियम ठरवला, तरच तुमचे गिऱ्हाईक तुटणार नाही. आणि चिठ्ठीवरच उठसूट अँटिबायोटिक लिहिणारे डॉक्टर तुमच्या गावातही असतील. त्यांचा दोष तुमच्याहून मोठा आहे.

पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच या धोक्याबद्दल सांगून ठेवले होते. दुकानातून सहज घेऊन अपुऱ्या मात्रेत औषध खाणारा माणूस जंतूला चिवट करील आणि त्याची किंमत दुसराच कुणी मोजेल, असे त्यांचे म्हणणे होते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे भारतात सुमारे तीन लाख माणसे थेट दगावली, असा लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाशी संबंधित अंदाज आहे.


प्रश्न : ‘कोर्स पूर्ण करा’ असे लहानपणापासून ऐकले. आता कॅन्सरचे डॉक्टर वडिलांचे अँटिबायोटिक लवकरच बंद करतो म्हणतात. पैसे वाचवण्यासाठी तर नाही ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस दिलेले औषध चिवट जंतूंनाच मोकळे रान देते. पूर्वी काउंट वर येईपर्यंत औषध चालू ठेवत. स्पेनमध्ये झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ताप उतरून तीन दिवस रुग्ण ठीक राहिला आणि कल्चरमध्ये जंतू निघाला नाही, तर काउंट पडलेले असतानाही औषध थांबवणे सुरक्षित ठरले. रक्तात जंतू सापडला असेल तर हिशेब वेगळा. किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचे. घरी आपण मधेच सोडायचे नाही आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी कपाटात ठेवायच्या नाहीत, एवढे दोन नियम आपल्याकडे.


प्रश्न : नवी औषधे येत आहेत की नाही?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : येत आहेत, पण हळू, आणि त्यातले काही तुझ्याच शहरातून. एनडीएमवाल्या जंतूवर सध्या एक युक्ती चालते. अॅझट्रिओनाम हे जुने औषध एनडीएमला कापता येत नाही. पण त्या जंतूकडे इतर विकरेही असतात आणि ती अॅझट्रिओनाम कापतात. म्हणून सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे दुसरे औषध सोबत देतात. त्यातले अविबॅक्टम त्या इतर विकरांना जखडून ठेवते आणि अॅझट्रिओनाम आपले काम करते. कित्येक रुग्ण या जोडीने वाचले आहेत. अडचण किमतीची आहे. रोजचा खर्च हजारोंत जातो आणि उपचार आठवडा-दोन आठवडे चालतात.

वोखार्ट कंपनीच्या संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत झिडेबॅक्टम नावाचा रेणू घडवला गेला. तो सेफेपिम या अँटिबायोटिकबरोबर द्यायचा असतो. जंतूच्या भिंतीवर दोघे दोन वेगळ्या ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे औषध कापणारे विकर हाताशी असूनही जंतू टिकत नाही. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत सुरू झालेल्या एन्मेटाझोबॅक्टमला सेफेपिमच्या जोडीने अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ते मात्र एनडीएमवर चालत नाही. बऱ्याच मोठ्या विदेशी कंपन्यांनी या क्षेत्रातून अंग काढून घेतले, कारण अँटिबायोटिक थोडे दिवस घ्यायचे असते आणि नवे असेल तर जपून, कमीत कमी वापरायचे असते. त्यात नफा कसा होणार? तुला संशोधनाची आवड असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र घे. यकृत आणि मूत्रपिंड सांभाळून रक्तातला क्लेब्सिएला मारणारे, पोटातून घेता येणारे आणि बीडहून आलेल्या माणसाला परवडणारे औषध अजून कुणीही बनवलेले नाही.